तुळजाक्काचं मेण

तुळजाक्काच्या हातात नाणं दिलं की ती आधी ते बघत नसे. आधी मेणात दाबायची. तिच्या मांडीजवळ एका डबीत काळपट मेणाचा गोळा असायचा, लिंबाएवढा. नाण्याच्या ज्या बाजूला साल असेल ती बाजू त्यावर अंगठ्यानं दाबायची, उचलायची, आणि उमटलेल्या खाचेवरून करंगळीचं नख फिरवायची. फिरवताना मान वर करून भलतीकडंच बघायची, जणू कुणी हाक मारली आहे आणि ती कान देऊन ऐकते आहे. मग म्हणायची, "दोन हाय." नाहीतर, "तीन हाय." नाणं परत दिलं की मग, "बसा आप्पा. गुडघा कसा हाय?"

ती पटवेकरीण होती. म्हणजे दागिने गाठवणारी. मंगळसूत्राचे मणी, पुतळ्या, चांदीचे रुपये, जे बायका घेऊन येतील ते रेशमी दोऱ्यात ओवून, गाठी मारून, गोंडा लावून द्यायची. रेणापूरच्या आणि शिरूर अनंतपाळच्या आठवडी बाजारात तिची बसायची जागा ठरलेली. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताठ धरायची आणि त्याला मेण लावत लावत पीळ द्यायची. त्याच कामाचं ते मेण. आता त्या बायका तयार गाठवलेलं दुकानातून घेतात. तिच्या जागेवर मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो.

मी मोडवाला. तांब्यापितळेची, चांदीची मोड गावोगाव फिरून घ्यायची आणि मोठ्या दुकानाला द्यायची, हा माझा धंदा. शाळा तिसरीपर्यंत. पुढं शिकलो नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. जे शिकलो ते हातानं शिकलो, असं मी लोकांना सांगत आलो. ते खोटं होतं. कसं खोटं होतं ते सांगायलाच बसलो आहे. बोटं आखडतात, चार ओळी लिहिल्या की कंबर मोडते, पण दुसऱ्याला सांगून लिहून घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

मोडीत निजामाचे जुने चारमिनारी रुपये यायचे. आम्ही त्याला हाली रुपया म्हणायचो. पूर्वी ते सरळ मुशीत जायचे. मग लातूरचे कॉलेजातले एक सर बाजारात यायला लागले. ते जुनी नाणी जमवायचे. त्यांनी मला सांगितलं की सगळे रुपये दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. साल बघायचं. साल उर्दू आकड्यांत असतं. एका सालाची नाणी पोतंभर मिळतात आणि लगेच पुढच्या सालाचं एखादंच, तेही नशिबानं. फरक शेवटच्या आकड्याचा. उर्दूतला दोन आणि उर्दूतला तीन हे एकमेकांचे सख्खे भाऊ. उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर टोकं. दोनाला दोन टोकं, तिनाला तीन. एवढंच. नाणं घासलं गेलं की तिसरं टोक आधी जातं, आणि तिनाचा दोन दिसायला लागतो. साल कुठलं ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या लोक आयाबायांच्या पेट्या उपसतील.

सरांनी असं सांगितल्यावर मी घड्याळजीकडून एक भिंग घेतलं, डोळ्यात धरायचं. ते खिशाला दोरीनं बांधून फिरायचो. भिंगवाले आप्पा म्हणून माझं नाव झालं. तेव्हाच एकदा रेणापूरच्या बाजारात एक रुपया घेऊन उन्हात उभा होतो. अर्धा तास झाला, दोन की तीन ठरेना. शेजारीच ही बसलेली. दोरा पिळता पिळता म्हणाली,

"आप्पा, त्या रुपयाला उजेडाची काय गरज न्हाई. त्येला कवाचं ऊन लागून राहिलंय. इकडं आणा."

मी म्हणालो, "तुला वाचता येतं का?"

"न्हाई."

"मग?"

"तुमाला येतंय न्हवं? मग अर्ध्या घंट्यात काय वाचलं?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी रागानं रुपया तिच्यापुढं टाकला. तिनं मेणात दाबला, नख फिरवलं, म्हणाली, "दोन हाय. जावा, इका." मला पटेना. तशी ती म्हणाली, "तुमची इबूत काढा जरा."

मी लिंगायत. विभूतीची गोटी माझ्याजवळ कायम असते. देवाची वस्तू मी हिला मेणाला लावायला कशाला देऊ? पण तिनं हात पुढं केला तो मागं घेईना. शेवटी दिली. तिनं बोटाला विभूती घेऊन मेणाच्या खाचेवर चोळली आणि फुंकर मारली. वरची उडून गेली, खाचेतली राहिली. काळ्या मेणावर पांढरा आकडा, पाटीवर लिहिल्यासारखा. दोन टोकं. स्पष्ट.

"पण हा उलटा आलाय," मी म्हणालो. मेणात ठसा उलटाच येणार.

"टोकं उलटी झाली तरी दोनाची दोनच राहत्यात की, आप्पा," ती म्हणाली आणि विभूतीची गोटी पदरानं पुसून मला परत दिली.

ही आमची ओळख.

नंतर कळलं, तिचं माहेर बिलोलीकडचं. तिकडं तेलंगण लागून आहे, घरात तेलुगू शब्द मिसळतात. तिची आईही पटवेकरीणच. आईच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची एक माळ होती, प्रत्येक रुपयाला कडी लावलेली. लहानपणी ही आईच्या मांडीवर बसून त्या माळेशी खेळायची. आई तिचं बोट धरून रुपयावरच्या आकड्यावर फिरवायची आणि एकेका टोकाला मोजायची, "ओकटी, रेंडू, मूडू." एक, दोन, तीन. माळेतल्या सगळ्यात मधल्या रुपयावर तीन टोकं होती. त्या रुपयावर ती तीनपर्यंत मोजायला शिकली. "माझी शाळा तितकीच," असं ती म्हणायची. लग्नात आईनं ती माळ हिच्या गळ्यात घातली. जन्मभर दुसऱ्यांचे दागिने गाठवले, पण तिचा स्वतःचा म्हणावा असा दागिना तो एकच.

मधला तो रुपया बरोबर त्या न मिळणाऱ्या सालाचा होता. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

डोळ्यावर तिचा विश्वास नव्हता. म्हणायची, "डोळा बघायच्या आधीच ठरवून बसतोय. नखाला काई ठरवता येत न्हाई." गिऱ्हाईक बाई घाई करायला लागली की म्हणायची, "घाई आसंल तर सुतळीत ओवून देते, बैलाच्या गळ्यात घाल." आणि मी नाण्यावरून हुज्जत घालायला लागलो की, "आप्पा, तुमी बरोबर हाव. फकत रुपया चुकलाय."

हे शेवटचं वाक्य तिनं एकदा लातूरच्या सरांसमोर टाकलं. त्याचं असं झालं. शिरूरकडच्या एका माणसाकडून मी एक रुपया मिळवला होता. तीन टोकं भिंगातून स्वच्छ दिसत होती. मी सरांना निरोप पाठवला, की तुम्ही शोधता ते साल सापडलं. सर रेणापूरला आले. चहाच्या टपरीजवळ चार माणसं जमली. सरांनी रुपया बघितला, खूश झाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, शेजारी बसलेल्या तुळजाक्काला म्हणाले, "अक्का, तुम्ही काय म्हणता?"

तिनं मेणात दाबला. नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. माझ्याकडं बघून गप्प बसली. ती गप्प बसली तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी म्हणालो, "सांग की. जीभ अडकली का?"

"तिसरं टोक उपरं हाय," ती म्हणाली. "कोरून उभं केलंय. टोकाच्या दोनी बाजूला खड्डा लागतोय. टाकसाळीतल्या टोकाला खड्डा नसतोय, ते जमिनीतनं उगवल्यासारखं येतंय."

विभूती लावून बघितली. खरंच, तिसऱ्या टोकाच्या कडेला मेण फुगलेलं होतं. कुणीतरी दोनाच्या बाजूची चांदी खरवडून तिनाचं टोक काढलं होतं. सरांनी मान हलवली. ते भले माणूस, त्यांनी रुपया मला परत दिला. पण मी हट्टानं म्हणालो, की माझं भिंग खोटं बोलत नाही. तेव्हा ती म्हणाली, "तुमी बरोबर हाव, आप्पा. फकत रुपया चुकलाय."

टपरीवाला ओरडला, "आप्पा, भिंग इका आन् मेण घ्या!" सगळा बाजार हसला. मला अजून ते हसू ऐकू येतं.

पुढं काही महिने मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागलो. एक दिवस ती स्वतः चहाचे दोन कप घेऊन आली. एक माझ्यापुढं ठेवला, मातीतच बसली आणि म्हणाली, "रुसायला तुमी काय जावई हाव का? प्या. थंड करून ठिवू नका." मी प्यालो. बोलणं सुरू झालं. पण मनातली सल गेली नाही. मी तिच्याकडून सगळं शिकलो. नख कसं धरायचं, मेण किती ऊबदार असावं, चारमिनारच्या मधल्या कमानीत जे उर्दू अक्षर असतं ते काही नाण्यांत अर्धं आणि काहींत पुरतं असतं ते नखाला कसं लागतं, सगळं. तिनं काही लपवलं नाही. घरी मी स्वतःचा मेणाचा गोळा ठेवला, कपाटाच्या आत. आणि चारचौघांत भिंग काढायचो. कुणी विचारलं, आप्पा कुठं शिकलात, तर म्हणायचो, अनुभव. ती शेजारी बसून ऐकायची. दोरा पिळायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. बाजारातली माणसं बदलली. माझे गुडघे गेले, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. बाजारात बसणं सुटलं, ती शिरूरला मुलाच्या घरी असायची. मुलगा बालाजी, सून सुनंदा, एक नात. मी महिन्यातून एकदा एसटीनं जायचो. सोबत मिळालेले दोनचार रुपये घेऊन. ती दाबून, नख फिरवून सांगायची. तेवढ्यासाठी जायचो, असं मी स्वतःला सांगायचो.

नातीचं लग्न ठरलं. सुनंदाच्या मनात होतं की आत्याबाईंची माळ मोडून पोरीला जाड पैंजण करावेत. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पेटीत पडून काळी पडलेली चांदी पोरीच्या पायात वाजेल, असं कुठल्या आईला वाटणार नाही? तुळजाक्काही नाही म्हणाली नव्हती. फक्त एवढंच म्हणाली, "बाकीचे सगळे घ्या. मधला ठिवा. त्यो तिनाचा हाय. त्येच्यासारखा दुसरा गावायचा न्हाई."

सुनंदा म्हणाली, "आत्याबाई, मधला काढला तर पैंजणाला वजन कमी पडतंय. आन् त्यावर आता काय दिसतंय तरी का?"

बालाजी गरीब स्वभावाचा. त्याला कुणाचंच मन मोडवेना. तो म्हणाला, "मामांना बोलावू. मामा म्हणतील तसं करू. तीन म्हणाले तर राहू दे, दोन म्हणाले तर जाऊ दे." मामा म्हणजे मी. आईचा मानलेला भाऊ.

मी गेलो. दुपार होती. पंखा फिरत होता, लाईट येत जात होती. मला खुर्ची दिली, चहा दिला. नवऱ्या मुलाकडचे दोन पाहुणेही बसले होते. बालाजीनं त्यांना सांगितलं, "हे भिंगवाले आप्पा. सगळ्या जिल्ह्यात यांच्यासारखी नजर न्हाई." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

माळ माझ्या हातात आली. मधला रुपया अगदी गुळगुळीत झालेला. आधी आईच्या छातीवर घासला, मग हिच्या. मी भिंग डोळ्याला लावलं आणि दारात जाऊन उजेडात बघितला. दोन टोकं दिसत होती. तिसऱ्याच्या जागी नुसती सपाट चांदी. मी कड तिरपी करून बघितली. एकदा वाटलं, काहीतरी आहे. सावलीएवढं. एकदा वाटलं, नाही.

"अक्का," मी म्हणालो, "दोन आहे."

तिचा चेहरा माझ्याकडं वळला. डोळे पांढुरके. "तीन हाय, आप्पा. नीट बघा."

"बघितलं."

"मेण हाय माझ्याजवळ. दाबून बघा." तिनं डबी पुढं केली. "तुमची इबूत लावा. सगळ्यास्नी दिसू द्या."

त्या वेळी मला तो टपरीवाला आठवला. खरंच आठवला. इतकी वर्षं झाली होती, तो मरूनही गेला होता. पण पाहुणे बघत होते, बालाजी बघत होता, आणि मला वाटलं, आज जर मेणात तीन आलं तर हा सगळा बाजार पुन्हा हसेल. मी म्हणालो, "मेणाचं काय अक्का, मेण मऊ असतं. नख लावशील तसं टोक उमटतं."

पंखा थांबला होता, लाईट गेली होती.

तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मी काय म्हणालो ते. मी म्हणालो होतो, की तू नखानं टोक काढशील. जिनं दुसऱ्यानं कोरलेलं टोक ओळखून दाखवलं, तिला मी पाहुण्यांसमोर कोरणारी ठरवलं.

तिनं डबी मागं घेतली. झाकण लावलं. हळूच म्हणाली, "मूडू हाय, आप्पा." कुणाला ते कळलं नाही. मला कळलं. मग सुनेकडं वळून म्हणाली, "द्या गं. आप्पानं सांगितलंय न्हवं? द्या."

दुसऱ्या दिवशी माळ दुकानात गेली. पैंजण छान झाले. लग्नात नात चालत आली तेव्हा तुळजाक्का मांडवात खुर्चीवर बसली होती. कान देऊन ऐकत होती. मला म्हणाली, "वाजतंय चांगलं." बस, इतकंच. तिच्या आवाजात कडूपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पण त्यानंतर एक झालं. पुढच्या महिन्यात मी सवयीप्रमाणे दोन रुपये घेऊन गेलो. तिच्या हातात दिले. तिनं ते तळहातावर घेतले, वजन बघितल्यासारखं केलं आणि परत माझ्या हातात ठेवले. "आप्पा, तुमच्याजवळ भिंग हाय की."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पुढच्या वेळी पुन्हा दिले. पुन्हा तेच. "तुमच्याजवळ भिंग हाय की." मग चहा मागवायची, गुडघा विचारायची, पाऊसपाणी विचारायची, सगळं पहिल्यासारखं. फक्त नाणं घ्यायची नाही. मी तीन वर्षं जात राहिलो. दर वेळी खिशात नाणं असायचं. दर वेळी तेच उत्तर. एकदा मी म्हणालो, "अक्का, चुकलं असेल माझं." ती म्हणाली, "आसंल. आता कुठं बघायचं?" आणि खरंच, कुठं बघणार होतो? चांदीला पूर्वीचं काही आठवत नाही.

मी तेव्हाही सरळ, चुकलं, असं म्हणालो नाही. चुकलं असेल, म्हणालो. तो "असेल" मला आज जड जातो.

ती गेली त्या वेळी मी आजारी होतो, माती द्यायला जाता आलं नाही. पंधरा दिवसांनी भेटायला गेलो. बालाजी रडला, मी रडलो नाही. म्हाताऱ्याचं पाणी आटलेलं असतं. निघताना सुनंदा आतून एक फडक्यात बांधलेली वस्तू घेऊन आली.

"मामा, हे तुमच्यासाठी ठिवलंय."

"काय आहे?"

"मेण. माळ दुकानात न्यायच्या दिशी सकाळी आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, मधला रुपया जरा दे, हात लावते. मी दिला. त्यांनी ह्या गोळ्यावर दाबला आन् परत दिला. मग गोळा फ्रिजात ठिवाय लावला आन् पुना त्याला हात लावला न्हाई. म्हणल्या, दोऱ्याला दुसरं मेण आणा. आन् जायच्या आधी चार दिवस म्हणल्या, हे आप्पास्नी द्या. पण मी गेल्यावर द्या. आत्ता दिलं तर बिचारं हितंच बसून राहतंय."

मी फडकं तिथंच सोडलं. गोळा तोच, काळा, लिंबाएवढा. वरची बाजू दाबून सपाट झालेली. त्यात रुपयाचा अर्धा ठसा, उलटा. डोळ्यांना काही दिसेना. भिंग खिशात होतं, ते मी काढलं नाही. करंगळीचं नख फिरवलं, जसं तिनं शिकवलं होतं तसं, वर बघत. एक. दोन. मग थोडी सपाट जागा. आणि मग नख अडकलं. अगदी जरासं, केसाएवढं. पण अडकलं. दोन्ही बाजूला मेण फुगलेलं नाही. जमिनीतून उगवलेलं.

मी विभूतीची गोटी काढली. बोटाला घेऊन चोळली. फुंकर मारताना माझा श्वास पुरेना, सुनंदानं मारली.

तीन टोकं. तिसरं बारीक, पण आपल्या जागेवर.

"काय आलं मामा?" सुनंदानं विचारलं.

"तीन," मी म्हणालो. "आत्याबाई खरं बोलत होत्या. माझं चुकलं. मी त्या दिवशी मेणावर बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही, कारण मला भीती होती की ती खरी निघेल."

सुनंदानं गोळा उजेडाकडं धरून बघितला. मग म्हणाली, "पैंजण बी आता पोरीनं घालायचे बंद केलेत, मामा. हापिसात वाजत्यात म्हणून. पेटीत हायत." आणि चहा ठेवायला आत गेली.

ते मेण आता माझ्याजवळ आहे. अजून लोक येतात. कॉलेजातली पोरं व्हॉट्सअॅपवर रुपयाचे फोटो पाठवतात, आप्पा दोन की तीन सांगा. मी कळवतो, की फोटोवर सांगत नाही, घेऊन या. आले की त्यांच्यासमोर माझं मेण काढतो, दाबतो, विभूती लावतो. कुठं शिकलात असं कुणी विचारलं तर सांगतो, शिरूर अनंतपाळला एक तुळजाबाई पटवेकरीण होती, तिनं शिकवलं. ते मान डोलावतात. त्यांनी तिला बघितलेलं नाही, तिचं नाव घेऊन मी काय फेडतो आहे ते त्यांना कसं कळावं?

तिच्या गोळ्यावर मात्र मी दुसरं नाणं दाबत नाही. माझ्याकडं फ्रिज नाही, म्हणून पाण्याच्या माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यावर ठेवतो. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, चैत्रापासून भिंतीसुद्धा तापतात. मेण किती जपलं तरी ते मऊ पडतं. ज्या मऊपणाचा मी तिला टोमणा मारला, तोच आता माझ्या मुळावर आला आहे. पहिल्या उन्हाळ्यात कमानीची रेघ गेली. गेल्या उन्हाळ्यात दुसरं टोक थोडं गोल झालं. परवा नख फिरवलं तर तिसऱ्या टोकापाशी अडकलं की नाही, मला नक्की सांगता येईना. पुन्हा फिरवलं. फार फिरवलं तर माझ्याच नखानं ते जाईल, म्हणून हात काढून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यानंतर हा गोळा कुणाच्या हातात दिला तर तो दोनच म्हणेल. भिंग लावून म्हणेल, आणि त्याला वाटेल, आपण बरोबर आहोत. म्हणून बोटं दुखत असताना हे लिहून ठेवलं आहे, तिसरी शिकलेल्या माणसाच्या अक्षरात. तो रुपया मी दोनाचा सांगितला होता. तो तिनाचा होता.